नानांची तिजोरी

सांगलीच्या गावभागात गल्लीगणिक एक नाना असतात. बहुधा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि माणसापेक्षा कागदावर जास्त भरवसा ठेवणारे. यांच्याकडे वडिलांनी 1962 साली फेडलेल्या कर्जाचं गहाणखत असतं, ते फिटल्याची पावती असते आणि त्या पावतीच्या तीन झेरॉक्सही असतात. मिक्सर भंगारात गेलेला असतो, त्याचं वॉरंटी कार्ड मात्र फायलीत सुखरूप. हसू नका. आपण जिवंत आहोत हेसुद्धा ज्याला दर नोव्हेंबरात दाखला देऊन सिद्ध करावं लागतं, तो पेन्शनर कागदाला जपणारच.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. नानांचं कपाट तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर अंगणातल्या दोरीला चिमटे लावून खरेदीखत वाळत पडलं, शेजारी सातबारा आणि त्याच्या पलीकडे नानांची मॅट्रिकची गुणपत्रिका. कागद वाचले याचा नानांना आनंद झाला. गणिताचे मार्क गल्लीनं वाचले याचा झाला नाही.

मग कागद बँकेच्या लॉकरमध्ये गेले. 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे लॉकरविषयीचे नवे नियम लागू झाले आणि नानांनी ते चष्मा पुसून वाचले. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. मात्र भूकंप, पूर, वीज असा दैवी कोप झाला तर, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर, काही नाही. ‘पूर’ या शब्दाखाली नानांनी लाल रेघ ओढली आणि कागद घरी आणले. दागिने तिथंच राहिले. दागिने भिजले तर बिघडत नाहीत, हा काकूंचा मुद्दा नानांना पहिल्यांदाच पटला.

आता तिजोरी. दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, “चोरीसाठी हवी की आगीसाठी?”

“पुरासाठी,” नाना म्हणाले.

दुकानदारानं पंखा वाढवला.

त्यानं बिचाऱ्यानं सगळं नीट समजावलं. चोराला अडवायची ती जाड पोलादाची, तिचं आगीशी काही देणंघेणं नाही. कागदासाठी हवी ती अग्निरोधक. बाहेर भडका उडाला तरी ठरलेल्या वेळेपुरती, तास-दोन तास, आतलं तापमान 177 अंशांच्या खाली राहतं आणि कागद जळत नाही. पेन ड्राइव्ह मात्र त्याच्या कितीतरी आधी जातो, त्याची तिजोरी वेगळी. हिच्या भिंतीत जे सारण भरलेलं असतं त्यात पाणी बांधलेलं असतं, तापलं की त्याची वाफ होऊन उष्णता शोषली जाते. एवढं ऐकून नानांनी एकच गोष्ट पकडली. “म्हणजे पाणी तुम्ही आधीच भरून देता?” आत दमट होतं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या लागतात, हेही दुकानदारानं कबूल केलं. अग्निरोधक म्हणजे जलरोधक नव्हे, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं.

तरी नानांनी पसंत केली तीच, दोनशे किलोंच्या घरातली. ती ठेवायची कुठं? तळमजल्यावर कृष्णा येते. माडीवर ठेवावी तर सुतारानं तुळया ठोकून बघितल्या आणि म्हणाला, “नाना, ही तिजोरी पुराची वाट बघणार नाही. त्याच्या आधीच खाली येईल.”

शेवटी आली ती छोटी, आकड्यांची, बॅटरीवर चालणारी. छोटी तिजोरी चोर उघडत बसत नाही, तशीच उचलून नेतो, म्हणून माडीवर भिंतीत बोल्ट मारून ती घट्ट बसवली. आकडा नानांनी कोणालाच सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती. गावभागातल्या माणसाला चार आकड्यांची एकच संख्या पाठ असते, 2019. बॅटरी संपली तर उघडायची जादा चावी नानांनी सुरक्षित म्हणून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि लॉकरची चावी तिजोरीत.

खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, सातबारा घरबसल्या निघतो, मृत्युपत्रसुद्धा 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. हे नानांना माहीत आहे. ते फक्त विचारतात, “त्यांच्याकडे पाणी आलं तर?”

यंदाही पावसाळ्यात पाणी चाळीस फुटांकडे निघालं की नाना माडीवर जातात, तिजोरी उघडतात, सगळे कागद काढून काकूंनी आणलेल्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत भरतात आणि दोघं विश्रामबागेत लेकीकडे जातात. तेव्हा नदीकाठी राहत असाल तर तिजोरी अवश्य घ्या, पण आधी ती पिशवी घ्या. आणि काही झालं तरी आकडा 2019 ठेवू नका.