मखमलीखाली भेगा पुरणाऱ्या कारागिरास



तुमच्या दुकानाचं नाव या पत्रात लिहीत नाही. तुम्हाला तुमची ओळख पटेलच. आमची कॉन्टेसा गाडी तुमच्याकडे आली तेव्हा तिच्या डॅशबोर्डला तीन भेगा होत्या. त्या भरून वर मखमली लव चढवायचं तुम्ही कबूल केलंत. आजही त्या तिन्ही जागच्या जागी आहेत, फक्त त्यांच्या काठांवर काळी लव उगवली आहे. या लवेचे तुम्ही पैसे घेतलेत. तिरकस बोलतोय असं वाटलं तर तसंच समजा. सरळ बोलावं असं काही तुम्ही त्या कामात ठेवलेलं नाही.

भेगा का पडल्या असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "जुनी गाडी आहे साहेब, पडणारच." कारण जाणून घ्यायची तसदी घेतली असती, तर पुढची सगळी नासाडी टळली असती. या डॅशबोर्डवर पीव्हीसीची कातडी असते, तिच्याखाली फोम आणि त्याखाली सांगाडा. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर मिसळतात. गाडी उन्हात तापत राहिली की तो हळूहळू उडून जातो; पुढच्या काचेला आतून जो धुरकट, चिकट थर धरतो, त्यात तोही असतो. मग कातडी आक्रसते, ताठर होते आणि स्पीकरच्या जाळीचा कोपरा किंवा स्क्रूचं भोक मिळालं की तिथून फाटते. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आपली मोजमापं प्रसिद्ध केली. कडक उन्हात तासभर उभ्या ठेवलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअस भरलं होतं. पुण्याचा एप्रिल-मे काही फार मागे नाही.

म्हणजे भेगेचे दोन्ही काठ दुपारी तापून पसरतात आणि रात्री आक्रसतात, रोज. तिथे भरायचं ते त्यांच्याबरोबर ताणलं जाणारं हवं. त्यासाठी दोन भागांचं लवचिक फिलर मिळतं. आधी भेगेचे उचललेले काठ कापून खाच करायची, सुटा फोम काढायचा, मग फिलर भरून पॉलिशपेपरने घासत कातडीच्या पातळीला आणायचं. तुम्ही भरलीत ती पत्र्याच्या पोच्यावर लावायची लांबी. ती वाळली की दगड होते. पहिल्याच उन्हाळ्यात ती एका बाजूने सुटली. आता अंगठ्याने दाबलं की अख्खी कांडी हलते, करकर वाजते आणि फटीतून पिवळ्या फोमचा भुगा बाहेर येतो. तुमच्याकडे येण्याआधी तिथे निदान नुसती भेग होती.

गाडी ताब्यात देताना मी तुम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती, की या डॅशबोर्डवर वर्षानुवर्षं सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश मारलेलं आहे. सिलिकॉनवर गोंद धरत नाही, हे रंगकाम करणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मेणतेल काढणाऱ्या द्रावणाने पुन्हा पुन्हा पुसून, फडकं दर वेळी बदलून ते काढावं लागतं. तुम्ही ओल्या फडक्याने एकदा धूळ झटकलीत आणि थेट गोंद लावायला घेतलात. तोही कुठला? चपला आणि रेक्झिन चिकटवायचं पिवळं सोल्युशन, जे उन्हात मऊ पडतं.

मला खरा राग आहे तो याच्या पुढच्या भागाचा, कारण फ्लॉकिंग हे फार देखणं आणि फार टिकाऊ काम आहे आणि तुम्ही त्याचं नाव घालवलंत. अर्धा ते एक मिलिमीटर लांबीचे नायलॉनचे तंतू गोंदाच्या ओल्या थरात उभे रोवायचे, हे ते काम. नीट करायचं तर यंत्र लागतं. हजारो व्होल्टचा भार घेऊन तंतू यंत्रातून सुटतात, वस्तूला अर्थिंग दिलेलं असतं, आणि प्रत्येक तंतू टोकावर उभा राहून गोंदात घुसतो. म्हणून ती लव दाट आणि एकसारखी येते. दाराची काच ज्या रबरी खाचेतून वरखाली सरकते, तिच्या आत हीच लव असते. हजारो वेळा काच घासून जाते तरी ती टिकते. कित्येक गाड्यांच्या ग्लोव्ह बॉक्सलाही आतून तीच असते. तुमच्या दुकानापुढे रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे काम होतं. एकदा दार उघडून बोट फिरवायचं होतं.

यंत्र नसेल तर हाताच्या पंपानेही लव फुंकता येते, घरी करणारे हौशी लोक तसंच करतात. मात्र मग गोंद लवेच्याच रंगाचा घ्यायचा, म्हणजे एखादी जागा विरळ राहिली तरी खालचा रंग डोळ्यांत येत नाही. गोंद ओला आहे तोवर भरपूर लव टाकायची, पूर्ण वाळेपर्यंत तिला हात लावायचा नाही आणि मगच उरलेली व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. आणि सगळ्यात आधी डॅशबोर्ड खोलून बाहेर काढायचा. तुम्ही तो काढला नाहीत. काचेखालच्या चिंचोळ्या जागेत तुमचा हात पोचला नाही, म्हणून तिथली चार बोटं रुंदीची पट्टी कोरडीच आहे. बाकीच्या जागी लव आडवी पडून चेपली आहे, अधूनमधून टक्कल आहे आणि त्या टकलांतून पिवळा गोंद चमकतो. तुम्ही कबूल केलेली मखमल एसीच्या जाळ्यांत, सीटच्या शिवणींत आणि माझ्या आईच्या साडीवर मुबलक आहे. डॅशबोर्डवर तेवढी नाही.

त्या चमकण्याचंही सांगतो. रॅलीच्या आणि शर्यतीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर लव चढवतात ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसाठी. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं आणि रस्ता त्याच्या आड जातो. उभी लव उजेड पिऊन टाकते. संध्याकाळी एक्सप्रेसवेने मुंबईकडे जाताना सूर्य समोर असतो, म्हणून तर मी हे काम करायला घेतलं. आता काचेवर गोंदाचे डाग नाचतात.

कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. नवा डॅशबोर्ड कुठल्याही काउंटरवर मिळत नाही, त्यामुळे जो गाडीत आहे तोच वाचवावा लागतो. माझ्या वडिलांनी ही गाडी घेतली होती आणि मी ती चालती ठेवली आहे. ती लांबी उपसताना मूळ कातडीचाही लचका निघणार आहे. तो कुठून भरून देणार?

माझे पैसे परत करा, ही मागणी आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमच्या पाटीवर आता नव्या गाड्यांचेही डॅशबोर्ड 'मखमली' करून देण्याची जाहिरात लागली आहे. नव्या गाडीत डावीकडच्या प्रवाशासमोर डॅशबोर्डच्या आत एअरबॅग असते. तिचं झाकण ठरलेल्या रेषेवर फाटून उघडावं, म्हणून ती रेष कारखान्यातच कमजोर ठेवलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती वरून दिसतही नाही. तिच्यावर तुमची लांबी आणि गोंद चढला, तर एअरबॅग नीट उघडेलच याची खात्री उरत नाही, आणि उघडलीच तर त्या लांबीचे तुकडे समोर बसलेल्याच्या तोंडावर येतील. ती पाटी आजच उतरवा. आणि अशा ज्या ज्या गाडीच्या डॅशबोर्डला तुमचा हात लागला असेल, तिच्या मालकाला फोन करून सांगा, की पुढच्या डावीकडच्या सीटवर कुणालाही बसवू नका.

कळावे,
कॉन्टेसाचा मालक