ऑर्गबुवा

ऑर्गबुवांच्या लॅपटॉपवर कॅप्स लॉकचं बटण दिसतं, पण त्याच्यावर विसंबू नये. ते दाबलं की कंट्रोल दाबल्यासारखं होतं. डाव्या करंगळीला त्रास नको म्हणून केलेली ही सोय. तुमचा फोन बंद पडलेला असतो, ‘जरा रेल्वेचं तिकीट बघतो’ म्हणून तुम्ही त्यांचा लॅपटॉप मागून घेता आणि पासवर्डमधलं मोठं अक्षर काही केल्या उमटत नाही. बुवा मागे उभे राहून शांतपणे बघत असतात. लॅपटॉपच्या पाठीवर एकशिंगी घोड्याचं स्टिकर असतं. पाहुण्यांना वाटतं, घरातल्या लहान मुलीने चिकटवलं असेल. कुणी तसं बोलून दाखवलं की ते ऑर्ग-मोडचं बोधचिन्ह असल्याचं सांगायला बुवा खुर्ची ओढून बसतात, आणि पाहुण्यांचा चहा गार होतो.

त्या व्याख्यानाचा गोषवारा असा. ईमॅक्स नावाचा एक मजकूर लिहायचा प्रोग्राम आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची जीएनयू आवृत्ती १९८५ मध्ये लोकांसमोर आणली. लिस्प भाषा येत असेल तर त्यात काय वाटेल ते बदलता येतं. त्यात टेट्रिस आहे. मनातलं बोलायला एक मानसोपचारतज्ज्ञही आहे, आणि तो तुमचंच वाक्य प्रश्न करून तुम्हाला परत देतो. पुढे २००३ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डोमिनिक यांनी आपल्या टिपणांचा पसारा आवरण्यासाठी ईमॅक्समध्ये ऑर्ग-मोड रचला. धुळीच्या चकत्यांतून ग्रह कसे घडतात हा त्यांचा अभ्यासाचा विषय, तेव्हा पसाऱ्याची त्यांना सवय असणार. ओळीच्या सुरुवातीला एक तारा टाकला की मथळा, दोन टाकले की उपमथळा. मथळ्यापुढे ‘टूडू’ लिहायचं, काम झालं की त्याचं ‘डन’ करायचं. त्याच फाइलमधून पीडीएफ निघते, वेबपान निघतं, ऑफिसवाल्यांना लागतो तसा दस्तऐवजही निघतो. आणि मूळ फाइल नुसता साधा मजकूर. ॲप बंद पडो, कंपनी बुडो, ती उघडणारच.

हा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मानतो. माझ्या बायकोच्या सगळ्या पाककृती एका बंद पडलेल्या ॲपमध्ये समाधिस्थ झाल्या. बुवांची २००९ सालची किराणा यादी आजही उघडते. ती ते उघडून दाखवतात.

आता त्या यादीतला किराणा त्या वेळी घरी आला होता का, हे मात्र वहिनींना विचारावं. त्यांच्या मते ‘हे’ दिवसभर कामं लिहितात, त्यामुळे ती करायला वेळ उरत नाही. गॅस संपला त्या दिवशी सिलिंडरचं बुकिंग बुवांनी लिहून ठेवलेलं होतं, तारखेसकट. पण ज्या फाइलमध्ये लिहिलं होतं तिचं नाव ऑर्गच्या अजेंड्याने, म्हणजे कामांच्या रोजच्या यादीने, वाचायच्या फायलींत घातलेलं नव्हतं, म्हणून अजेंड्याला ते दिसलं नाही. बुवांच्या दृष्टीने इथे प्रश्न सुटला. कारण सापडलं. वहिनी इंडक्शनवर कुकर लावत होत्या.

वीजबिलाची कथा याहून सूक्ष्म आहे. ऑर्गमध्ये दर महिन्याचं काम लिहिताना तारखेपुढे अधिकचं चिन्ह देतात. ते तीन तऱ्हांचं असतं. एक अधिक दिलं तर मूळ तारखेत एकच महिना मिळवला जातो. दोन दिले तर पुढची तारीख येईपर्यंत महिने मिळवत जातात. अधिकच्या आधी टिंब दिलं तर आजपासून महिना मोजतात. बुवांनी एकच अधिक दिलं होतं आणि मधले काही महिने बिलाकडे पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यांनी सगळी थकबाकी भरली आणि मोठ्या समाधानाने ‘डन’ केलं. तारीख एक महिना सरकली आणि तरीही मागच्याच मोसमात राहिली. काम पुन्हा लाल. बिल फिटलं, अजेंडा फिटेना. असं का होतं आणि भाड्याला कोणतं चिन्ह, वॉटर फिल्टर धुवायला कोणतं, याचा तक्ता त्यांनी मला जिन्यात काढून दिला आहे. खरं सांगायचं तर तो उपयोगी आहे.

बुवा सर्वांत प्रसन्न दिसतात ते काहीतरी मोडल्यावर. सगळं सुरळीत असलं की त्यांचा चेहरा रविवारी दुपारी वीज गेल्यासारखा उतरलेला असतो. मग ते इनिट फाइलमध्ये एखादी ओळ घालतात आणि आपत्तीची सोय करतात. ही फाइल म्हणजे ईमॅक्स उघडताना वाचली जाणारी त्यांची वैयक्तिक संहिता, सोळाशे ओळींची. बिघाड झाला की आधी ईमॅक्स ‘डॅश क्यू’ लावून उघडायचं, म्हणजे आपली कोणतीही सेटिंग न वाचता. तिथे नीट चाललं तर दोष आपल्या फाइलीत. मग अर्धी फाइल बंद करायची, बघायचं, उरलेल्यातली अर्धी बंद करायची, बघायचं. सोळाशे ओळी असल्या तरी दहा-अकरा खेपांत एका ओळीवर येता येतं. ओळ सापडते, तिच्या वरती बुवांनीच लिहिलेली टीप असते: ‘हे तात्पुरतं आहे.’

कधी दोष ओळीत नसतो, संसारात असतो. ईमॅक्सबरोबर एक ऑर्ग आलेलाच असतो, बुवा वरून नवा आणतात. जुना अर्धा लोड झालेला असताना नवा घरात आला की दोन सवतींचं भांडण लागतं आणि ‘अमुक फंक्शन अवैध’ असे निरोप खाली उमटू लागतात. ही समजूत घालायला बुवा रात्री दोनपर्यंत जागतात आणि सकाळी ऑफिसात उत्साही असतात.

यंदा सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस त्यांनी मागून घेतली. चौदा दिवस आधी ती सभासदांना पोचायला हवी. बुवा म्हणाले, ‘एकदा बसवलं की दरवर्षी कंट्रोल-सी, कंट्रोल-ई, एल, पी. झालं.’

पहिल्या खेपेला पीडीएफच निघेना. ऑर्ग मजकूर लाटेक या छपाईच्या प्रोग्रामकडे देतो आणि वेगळं मागितलं नाही तर त्याचा पीडीएफ-लाटेक हा प्रकारच चालवतो. त्याला देवनागरी ठाऊक नाही, त्यामुळे ‘सोसायटी’तल्या पहिल्याच स ला, म्हणजे यू+०९३८ ला, ते अडलं. एका परिच्छेदात शंभर चुका भरल्या की लाटेकच्या पोटातलं टेक काम थांबवतं आणि कृपया पुन्हा प्रयत्न करा म्हणतं. आमची प्रस्तावना तेवढी लांब होती. मग बुवांनी झी-लाटेक लावलं. आता पीडीएफ आली, पण नेमलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हती, म्हणून सारं मराठी विनातक्रार गायब. उरलं काय, तर वरती इंग्रजीत ‘कंटेंट्स’, खाली १ ते ९ इंग्रजी क्रमांक आणि सभेची वेळ. अध्यक्षकाका म्हणाले, ‘खरं तर सभाही अशीच व्हावी.’

मग आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट आला. अक्षरं सुरेख, पण फॉन्टला ‘लिपी देवनागरी’ आहे हे वेगळं सांगावं लागतं. ते न सांगितल्यामुळे ‘विषय’ची वेलांटी व ओलांडून ष वर जाऊन बसली, ‘सचिव’चा ‘सचवि’ झाला आणि ‘वार्षिक’मधला रफार खाली उतरून पाय मोडून उभा राहिला. बुवांनी तो शब्द घातला. मुदत संपायच्या आदल्या रात्री नोटीस सिद्ध झाली. मी आजवर पाहिलेली ती सर्वांत देखणी सोसायटी नोटीस. समास, ओळींतली अंतरं, जोडाक्षरं, सगळं एखाद्या जुन्या छापखान्यातून आल्यासारखं. सकाळी लिफ्टजवळ लागली आणि दहा वाजता बी विंग खाली उतरली.

विषय क्रमांक सातपुढे ठळक इंग्रजी अक्षरांत ‘डन’ असं छापलं होतं. विषय होता पुनर्विकासासाठी वास्तुविशारद नेमण्याबाबत चर्चा. बाकीच्या आठ विषयांपुढे ‘टूडू’.

बुवांनी फक्त त्या विषयाचा मसुदा आधी लिहून संपवला होता आणि फॉन्ट जुळल्यावर सवयीने प्रत्येक विषयापुढे खूण केली होती. निर्यात करताना ऑर्ग ती खूण सोबत छापतो. पण हे बी विंगला पटवणार कोण? ‘म्हणजे आधीच ठरलंय!’ ‘कोणाचा वास्तुविशारद आहे तो?’ ‘किती खोल्या, ते तरी सांगा!’ बुवा लॅपटॉप उघडा धरून गर्दीच्या मधोमध उभे. चेहऱ्यावर तीच ती बिघाड सापडल्याची प्रसन्नता.

‘काही नाही हो काका,’ ते म्हणाले, ‘हा दोष नाही, सोय आहे. वर ऑप्शन्सच्या ओळीत एक शब्द टाकला की बंद होते.’

‘काय बंद होते?’ बी विंगच्या काकांनी विचारलं. ‘चर्चा?’