आवक-जावक

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण ज्याने काढली, त्याने कधी खडीच्या खाणीविरुद्ध अर्ज केलेला नसावा. मी केला. सोमवारी सव्वाअकराला तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर ठेवला. खाली अधोरेखित करून लिहिलं होतं, 'अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे, ही विनंती.' टेबलावरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "गुरुजी, नक्की द्यायचाय ना?" म्हणाल्या आणि शिक्का मारून पोच दिली. एकची एसटी पकडून घरी आलो, तर आमच्या ओसरीवर खाणवाल्यांचा पुतण्या चहा पीत बसलेला. हातात माझ्याच अर्जाची झेरॉक्स.

मला बघून उठला, पाया पडला. चौथीत माझ्याच वर्गात होता. "गुरुजी, उत्खनन चुकलंय बघा. तुम्ही 'उत्खन्न' लिहिलंय. आणि ब्रासचा आकडा फार कमी धरलात, आम्ही दुप्पट काढतो." मग बशीत चहा ओतत म्हणाला, "दादा पुण्यालाच ना अजून? शनिवारी रात्री मोटारसायकलवर येतो. घाटात रात्री आमचे डंपर असतात. जपून ये म्हणावं त्याला." फार काळजी होती हो पोराच्या आवाजात. आमच्या हिने त्याला आणखी अर्धा कप दिला.

तेव्हापासून प्रशासनाला कुणी संथ म्हटलं की मी भांडतो. अर्जात दोन गोष्टी असतात, तक्रार आणि तक्रारदार. तक्रार रीतसर जाते: कारकून, नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, शेरा, परत मंडळ अधिकारी. तक्रारदाराला एवढ्या पायऱ्या नसतात. त्याचा निपटारा त्याच दिवशी सुरू होतो.

या बाबतीत तमिळनाडूनं आपल्याला मागे टाकलंय. पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या तिरुमयम भागात जगबर अली बेकायदा दगडखाणींविरुद्ध अर्जावर अर्ज करत होते. जानेवारी 2025 मध्येही त्यांनी अधिकाऱ्यांकडे निवेदन दिलं. 17 तारखेला, शुक्रवारी, मशिदीतून नमाज पढून दुचाकीवर घरी निघाले आणि टिपरनं त्यांना उडवलं. सुरुवातीला तो अपघातच होता. खडीच्या गाड्यांचे अपघात होतातच, रस्ता अरुंद असतो, ड्रायव्हरची झोप झालेली नसते, हे सगळे पंचनामे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या पत्नीनं हे मानायला नकार दिला म्हणून चौकशी झाली, आणि मग टिपरच्या मागे खाणमालक निघाले. पोलिसांनी त्यांना अटक केली. अली यांचं निवेदन खाणवाल्यांपर्यंत इतक्या लवकर कसं पोचलं, असं तिथले लोक विचारत होते. मी त्यांना सांगू शकलो असतो. चहाबरोबर पोचतं.

ओडिशात सेवा आणखी घरगुती आहे. नियमगिरीचा डोंगर खाणीपासून वाचवायला लढलेले प्रफुल्ल सामंतरा, पर्यावरणाच्या गोल्डमन पुरस्काराचे मानकरी, वय सत्तरीच्या पुढे. ऑगस्ट 2023 मध्ये सिजिमाली डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीविषयी पत्रकारांशी बोलायला रायगडाला गेले (हे ओडिशातलं रायगडा, आपलं नव्हे). काही लोक लॉजमध्ये शिरले, फोन काढून घेतला, हात बांधले, तोंड झाकलं, गाडीत घातलं आणि थेट बरहमपूरला त्यांच्या गावी आणून सोडलं. पत्ता विचारावा लागला नाही. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून एसटीत अर्धं तिकीट तरी काढावं लागतं.

त्याच नियमगिरीत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी खाण नको म्हटलं. एकही गाव खाण कंपनीच्या बाजूनं उभं राहिलं नाही, म्हणजे नक्कीच कुणाची तरी फूस असणार. दहा वर्षांनी तिथल्या नऊ जणांवर दहशतवादविरोधी यूएपीए लावला गेला. बोंब झाली तेव्हा ते कलम मागे घेतलं. डोंगराला देव मानणारा माणूस दहशतवादी ठरवायला जरा पुरावा कमी पडला असावा.

आपल्याकडे अशी धसमुसळी पद्धत नाही. गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखाणीचं उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचं होतं. त्याची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये घेतली, ती एटापल्लीच्या जंगलात नव्हे, शंभरावर किलोमीटर दूर गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. जनतेनं बोलायला यावं म्हणून सुनावणी आणि येऊ नये म्हणून अंतर! एवढं करूनही कुणी आलाच, तर तो इतका प्रवास कुणाच्या पैशानं करतो, हा प्रश्न तयार असतोच. दोन गाड्या बदलून, भाकरी फडक्यात बांधून आलेला माडिया आदिवासी 'बाहेरचा'. खाणीची कंपनी मात्र गावची लेक.

गोव्यात 2016 च्या मार्चमध्ये केपे तालुक्यातल्या कावरे गावचे पंच रवींद्र वेळीप यांना खनिजाचे ट्रक अडवले म्हणून अटक झाली. ठेवलं वास्कोजवळच्या सडा उपकारागृहात. तिथे, आत, पहारा असताना, डोळ्यांवर पट्टी बांधून, तोंडात बोळा कोंबून कुणीतरी त्यांना मारलं. हात मोडला. कैद्याला घरचा डबा द्यायचा तर आपण गेटवर तासभर ताटकळतो, पण अज्ञात इसमाला कुठंही प्रवेश असतो. त्याला ओळखपत्र लागत नाही, वेळेचं बंधन नाही, आणि आत जाताना त्याला बघितलेलं कुणालाच आठवत नाही.

न आठवण्यावरून अमित जेठवा आठवले. गीरच्या अभयारण्याभोवतीच्या बेकायदा चुनखडीच्या खाणींविरुद्ध त्यांनी गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. 20 जुलै 2010 च्या रात्री त्याच न्यायालयासमोर त्यांना गोळी घातली. ज्या इमारतीबाहेर घातली, तिचं नाव सत्यमेव कॉम्प्लेक्स. (हे मी रचलेलं नाही. मला एवढं सुचत नाही.) खटल्यातल्या 195 पैकी 105 साक्षीदार फितूर झाले, पुन्हा साक्षी घ्याव्या लागल्या. 2019 मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. 2024 मध्ये उच्च न्यायालयानं सातही जणांना निर्दोष सोडलं. म्हणजे चौदा वर्षांच्या कामकाजाअंती जेठवांना गोळी लागली होती, एवढं कायम झालं.

माझ्या अर्जाचं उत्तर परवा आलं. तीन महिने अकरा दिवसांनी, साध्या टपालानं. 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित त्या दिवशी माझ्याआधी घरी पोचले होते, हे मी कळवणार होतो, पण त्यासाठी पुन्हा आवक-जावकला जावं लागेल आणि ही जाऊ देत नाही. डोंगराला रोज दुपारी दोनला सुरुंग लागतो. आमच्या माजघराच्या भिंतीला गेल्या दिवाळीत केसाएवढी चीर होती, आता तिच्यात आठ आण्याचं नाणं उभं राहतं.

मुलगा हल्ली रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. अर्जाची पोच मी ट्रंकेत विम्याच्या कागदांबरोबर ठेवली आहे. कुठे आहे, ते त्याला दाखवून ठेवलंय.