नाक दादरला, गाल कॅलगरीत

कॅलगरी, जानेवारी

ती. आईस,


परवा व्हिडिओ कॉलवर माझं तोंड बघून तू बाबांना हाक मारलीस, "अहो, हिच्या गालाला आपल्या जिन्यातल्या भिंतीसारखे पोपडे आलेत!" त्यानंतर तुझे निरोप सुरू झाले: साय लाव, बेसन लाव, लिंबू चोळ. फोनवर नीट बोलणं होत नाही, ऐन मुद्द्याला तुझा कुकर शिट्टी देतो, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

आधी लिंबाचं सांगते. लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. ते वरणभातावरच बरं. बेसन तेल ओढून घेतं. गिरगावात तो त्याचा गुण, कारण तिथे पावसाळ्यात डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं. इथे बाहेर उणे पंचवीस आणि घरात अहोरात्र हीटर. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचावर, हवेत ओल औषधालाही नाही. मधूनच रॉकी पर्वतावरून शिनूक नावाचा कोमट, कोरडा वारा सुटतो. नळाचं पाणीही त्याच डोंगरांतल्या चुनखडीवरून आलेलं, जड. ठाकूरद्वारला मी जी कातडी तेलकट म्हणून कॉलेजभर रडले, ती इथे कोरडी निघाली! त्वचेचा प्रकार काही पत्रिकेत लिहून येत नाही, गं. थोडा आईबापांकडून येतो, थोडा वयाने बदलतो आणि उरलेलं हवा ठरवते.

तो ओळखायची परीक्षा तुझ्या नातीने घरात घेतली. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपायचं आणि अर्धा तास काहीही न लावता बसायचं. आम्ही सगळे सोफ्यावर ओळीने बसलो, नाक खाजवायला बंदी. माझा चेहरा ताणला गेला: कोरडी. नात सगळीकडून चमकली: तेलकट. धाकट्याची नुसत्या पाण्याने आग आग झाली: संवेदनशील. आणि तुझ्या जावयांचं कपाळ-नाक तुपाळ, गाल मात्र खरखरीत. याला मिश्र म्हणतात. ते रानडे रोडवर वाढलेले, त्यामुळे नाक अजून दादरलाच आहे, गाल तेवढे कॅलगरीला आले.

आता सकाळी न्हाणीघरात चार माणसं आणि चार प्रकारच्या बाटल्या. नात तेरा वर्षांची, पण तिच्या मैत्रिणी रेटिनॉल लावतात म्हणून हिलाही हवं. ते सुरकुत्यांसाठी असतं, आणि मुरुमांसाठी त्याच जातीची औषधं डॉक्टर देतात. ज्या गालावर सुरकुती यायला अजून तीस वर्षं आहेत तिथे उगीच लावलं तर नुसती सालं निघतात. मी बाटली जप्त केली. तर तिने अर्ज केला, निदान नायसिनामाइड तरी? ते म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, तेलकट कातडीला मानवतं. तेवढं मंजूर केलं, पण आधी कानामागे लावून, दोन दिवस वाट बघून.

जावई मात्र हळदीच्या क्रीमवर अडून. "परळची कंपनी आहे, 1952 साली पेंढरकरांनी काढली," असं ते इथल्या लोकांना अभिमानाने ऐकवतात. हे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून कंपनी उत्पादनशुल्क खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडली आणि ते औषधच ठरलं, हेही सांगतात. नात म्हणते, औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवा.

तुझ्या उटण्यावरचा माझा विश्वास मात्र इथे येऊन वाढला. नरकचतुर्दशीला तू आधी तेल जिरवायचीस आणि मग आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळ्याचं उटणं. इथे हाच क्रम, आधी तेलाने मळ सोडवा मग फेसवॉशने धुवा, डबल क्लेन्सिंग म्हणून चांगले डॉलर मोजून विकतात. आजीच्या फळीवरचं अफगाण स्नो आठवतं? 1919 साली मुंबईतच पाटणवालांनी काढलेलं. लावल्यावर दिसेनासं होणारं, चिकट न वाटणारं. मुंबईच्या घामाला ते बरोबर होतं. इथल्या थंडीत त्याने माझं काही भागलं नसतं.

एवढ्या बाटल्या बघून माझं मत झालंय की कामाच्या गोष्टी तीनच. सकाळी सौम्य धुणं (कोरडी असेल तर नुसतं पाणी), तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि वर सनस्क्रीन. रात्री धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर. प्रकार बघायचा तो एवढ्यापुरताच: तेलकटाला जेल, कोरड्याला सिरॅमाइड असलेलं जाड क्रीम, संवेदनशीलाला बिनवासाचं. अंगाचा साबण तोंडाला कोणीच लावू नये, तो अल्कलीयुक्त असतो आणि कातडी किंचित आम्लधर्मी. बाकीच्या बाटल्या फळीची शोभा.

आता तुझं. तू रोज सकाळी चौपाटीवर फिरतेस आणि गालावरच्या वांगाला बाबांच्या कटकटीचं नाव देतेस. वांग उन्हाने वाढतं, आई. ढग असले तरी. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घे. ते भाजणारे किरण 97 टक्के अडवतं, 50 चं 98, म्हणून त्यापुढच्या आकड्यांना पैसे घालू नकोस. दोन बोटांवर लांब रेघ काढ, तेवढं तोंडाला आणि मानेला. तुळशीला पाणी घालायच्या आधी लावलंस तर विसरणार नाहीस. पांढरं दिसतं म्हणून चाळीतल्या बायका हसतील, त्यांनाही लाव.

आणि एप्रिलमध्ये येताना उटण्याची पाकिटं आणू नकोस. त्या जागेत लालबागला कुटून घेतलेला मसाला आण, दोन किलो तरी.

तुझी,
बेबी