कॅमेऱ्यावरची टिकली

प्रत्येक सोसायटीत एक सावधानराव असतात. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. एका खिशात मोबाइल, दुसऱ्या खिशात 'फक्त बँकेचा' मोबाइल. या दुसऱ्या मोबाइलचा नंबर सख्ख्या मुलालाही माहीत नसतो. कर्ज हवंय का विचारणाऱ्यांना मात्र तो पाठ असतो.

सावधानरावांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काकूंची टिकली चिकटवलेली असते. मरून, मध्यम आकाराची. २०१६ साली एका फोटोत मार्क झुकरबर्गच्या लॅपटॉपवर अशीच चिकटपट्टी दिसली होती, तेव्हापासूनची ही प्रथा. कल्पना वाईट नाही. फक्त त्या लॅपटॉपला पासवर्ड नाही, कारण "आपल्या घरात कोण येतंय?" आणि मोबाइलमधल्या पंचांगाच्या ॲपला कॅमेरा, माइक, लोकेशन, सगळ्या नातेवाइकांचे नंबर असं सगळं आंदण दिलेलं. आज एकादशी आहे की नाही हे सांगायला त्याला मावसबहिणीचा नंबर कशाला लागतो, हे विचारायचं राहून गेलंय.

वर्षातून दोनदा ते फेसबुकला नोटीस देतात. 'माझे फोटो वापरण्यास मी परवानगी देत नाही' असा तो मजकूर गेली दहा-बारा वर्षं फिरतोय आणि त्यात रोम कायद्याचा हवाला असतो. हा १९९८ चा रोम करार वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठी आहे. त्यावरून हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. सावधानरावांच्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या फोटोसाठी ते बसेल असं वाटत नाही. सेटिंगमध्ये जाऊन फोटो 'फक्त मित्रांसाठी' करायला अर्धं मिनिट लागतं, पण त्यात नोटीस बजावल्याचं सुख नाही.

ओटीपीबाबत ते कर्मठ आहेत. पार्सल घेऊन आलेल्या मुलानं दारात कोड विचारला की त्याला पाच मिनिटं व्याख्यान आणि पार्सल परत. काकूंचा मिक्सर असा दोनदा गोदामात जाऊन आला.

पासवर्ड ते डायरीत लिहितात म्हणून नातवंडं हसतात. इथे नातवंडांचं चुकतं. कपाटातल्या डायरीपर्यंत पोचायला चोराला जिना चढावा लागतो. गोम अशी की डायरीची पानं वीस आणि पासवर्ड एकच: बँक, गॅस, रेल्वे, पुतणीसाठी नाव नोंदवलेलं वधूवर मंडळ, सगळीकडे कुलदैवत आणि जन्मसाल. उद्या वधूवर मंडळाची यादी फुटली की तीच किल्ली बँकेच्या दाराला लावून बघितली जाणार.

पण सावधानराव खरे पाहायचे ते झेरॉक्सच्या दुकानात. आधारची पीडीएफ ते दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप करतात. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तो ते रांगेतल्या सात जणांसमोर, मुलाला नीट ऐकू जावं म्हणून दोनदा सांगतात. प्रिंट निघते. ती ते उलटी धरून, घडी घालून, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतात. कोणी बघायला नको! फाइल मात्र दुकानाच्या डेस्कटॉपवर राहते. तिथे अख्ख्या वॉर्डाची आधार कार्डं ओळीनं मांडलेली असतात, मागे वॉलपेपरवर साईबाबा.

खरं तर आधारच्या संकेतस्थळावर 'मास्क्ड' प्रत मिळते. तिच्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं 'झेरॉक्स वाटू नका, ही प्रत वापरा' असं पत्रक काढलं आणि लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून केंद्रानं ते दोन दिवसांत मागे घेतलं. सावधानरावांनी पत्रक मागे घेतल्याची बातमी तेवढी वाचली.

मध्यंतरी त्यांनी जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. घासाघीस न करता गिऱ्हाइकानं क्यूआर कोड पाठवला: "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." काका चष्मा लावून पिन टाकणार, एवढ्यात काकू कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, भाजीवाला कधी पिन टाकताना बघितलाय?"

काका थांबले. गाडीला कोड टांगलेला असतो, पिन आपण टाकतो, पैसे त्याला जातात. घेणाऱ्याला पिन लागतच नाही. सोफा अजून घरात आहे, पैसेही आहेत. गेले असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हेही काकूंनाच ठाऊक होतं. काकांनी तो नंबर फ्रॉड समजून ब्लॉक केला होता.

कॅमेऱ्यावरची टिकली परवाच बदलली. झेरॉक्सच्या दुकानातली फाइल जागेवरच आहे. तुमचीही असेल. पुढच्या खेपेला तिथे उभं राहून ती डिलीट करवून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.