बिनपगारी फौजदार

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं आणि बरीच स्वाभिमानी मंडळी बिऱ्हाड उचलून मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर गेली. इथे शेठजी नाही, जाहिराती नाहीत. हजारो छोटे सर्व्हर, ज्याचा त्याचा कारभार. झकास! फक्त रात्री अडीच वाजता आलेल्या धमक्या आणि गलिच्छ चित्रं निस्तरायची कुणी, हे विचारायचं राहून गेलं.

निस्तरतो कुणीतरी हौशी मॉडरेटर, दिवसभराची नोकरी आटोपून. समोर तक्रारींची रांग: एक खरी धमकी, चार भामटी खाती, आणि मग एका सद्गृहस्थांचं सविस्तर निवेदन, की अमुक बाईंनी मटणाच्या फोटोवर ‘सावधान’ लिहिलेलं नाही. खातं बंद केलं तर हा हुकूमशहा, नाही केलं तर आतून सामील. पगार? सर्व्हरचं भाडं देणग्यांतून निघालं तरी दिवाळी. देणगीचं बटण दिसलं की आमचा अंगठा सराईतपणे खाली सरकतो. भांडवलशाहीचा समाचार घ्यायचा असतो ना, वेळ कुठे आहे?

या स्वयंसेवकांना आधार देणारी ‘आयएफटीएएस’ ही ना-नफा संस्था. तिलाही २०२५ मध्ये पैशांअभावी बरीच कामं गुंडाळावी लागली. आम्ही यथेच्छ हळहळलो. मग मॉडरेटरला खरमरीत निरोप धाडला: कालच्या तक्रारीवर अजून कारवाई का नाही?