कच्चे सर

एरंडेलाशी माझी पहिली ओळख पोटातून झाली, दुसरी पोटावरून. पहिली आजीने करून दिली, रविवारी सकाळी, नाक दाबून. दुसरी वस्तादांनी, मल्लखांबाला एरंडेल चोळून त्यावर मला चढवून. दोन्ही प्रयोगांत गती एकाच दिशेला होती : खाली.

आमच्या घरात थोरला हुशार निघाला, मधला देखणा निघाला. माझ्या वाटणीला व्यायाम तेवढा उरला होता. वडिलांनी मला तालमीत नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "वस्ताद, याचं काहीतरी करा." वस्तादांनी माझा दंड चाचपला. तो सापडायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, "करू. पण घाई नाय करायची." वडिलांना घाई नव्हतीच, त्यांना संध्याकाळी घरात शांतता हवी होती.

मल्लखांब म्हणजे सागाचा किंवा शिसवाचा, जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास उभा असलेला, वर निमुळता होत जाणारा खांब. खाली अंग, त्यावर मान, टोकाला बोंड. अंग सोलवटू नये म्हणून एरंडेल लावायचं आणि पकड सुटू नये म्हणून राळ. घसरण्याची आणि न घसरण्याची अशी दोन्ही औषधं एकाच खांबाला लावलेली असतात. त्यातून आपला मार्ग आपण काढायचा. पुढे सरकारी नोकरीत मला या तत्त्वाचा फार उपयोग झाला.

वस्तादांनी मला आधी चढायला शिकवलंच नाही, उतरायला शिकवलं. पंजांवर यायचं, गुडघे मोडायचे, हात पुढे. "ताठ पायांनी पडलास तर कळ थेट मेंदूत जाईल," ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघून जोडायचे, "म्हणजे जिथं तो असतो तिथं." बाकीची पोरं अढी मारून वर बसलेली असायची आणि मी खाली ओट्यावरून उड्या मारत असायचो. मला वाटे, माझ्या भवितव्याबद्दल वस्तादांचं मत पक्कं झालंय. पण पुढे वर गेल्यावर लक्षात आलं की ती पोरं खांबाला भीतीने मिठी मारतात आणि मी निवांत सोडून देतो. मला पडायचा सराव होता.

यथावकाश मी पाटबंधारे खात्यात चिकटलो. वस्तादांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी एके दिवशी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. शिट्टी गळ्यात पडली की माणसाला बोलावंसं वाटतं, तसं मलाही वाटू लागलं. जिद्द, चिकाटी, सातत्य यांवर मी रोज पंधरा मिनिटं बोलत असे. पोरं शिस्तीत बसून डास मारत.

त्यातल्या त्यात त्यांना आवडे ती बाळंभटदादा देवधरांची गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पैलवान पुण्यात आले आणि आमच्याशी कोण लढतो ते सांगा, म्हणाले. कोणी उठेना, तेव्हा बाळंभटदादांनी आव्हान घेतलं, पण मुदत मागून. ते वणीला सप्तशृंगीच्या गडावर गेले. तिथे झाडांवर खेळणारी माकडं बघून त्यांना डावपेच सुचले, असं सांगतात. परत येऊन त्यांनी अलीला चीत केलं, आणि ते पाहून गुलाबने न लढताच पुणं सोडलं. पोरं टाळ्या वाजवत. मला मात्र त्या गोष्टीत अलीपेक्षा माकड मोठं वाटायचं. चांगला नावाजलेला पैलवान झाडाखाली मान वर करून बसलाय आणि माकडाकडून शिकतोय! एवढं धाडस माझ्याच्याने होईल का, हा प्रश्न मी सोयीस्करपणे टाळत होतो.

तो प्रश्न एक दिवस दोन वेण्या घालून तालमीत आला. दुसऱ्या गावाहून बदली होऊन आलेल्या एका कारकुनाची दहा वर्षांची मुलगी. म्हणाली, "सर, मला दोरीचा मल्लखांब येतो. इथे दोरी कुठाय?" दोरी नव्हती, आणि सरांना ती येतही नव्हती. हा प्रकार पूर्वी वेतावर करत. वेत मिळेनासा झाला तेव्हा दोरी आली. दोरीला गाठ म्हणून मारायची नाही, जी काही गाठ घालायची ती आपल्या अंगाने. सगळा भार पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत. माझ्या त्या दोन बोटांनी तोवर चपलेच्या पट्ट्याखेरीज काही धरलेलं नव्हतं.

मी दोरी आणून टांगली आणि तिला म्हटलं, "शिकव."

ती बया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, अंगठा! सर, पोट आत! सर, लक्ष कुठाय?" आवाज तिचा, वाक्यं सगळी माझी. मी चाळिशी ओलांडलेला, दोरीत गुरफटून उलटा लोंबत होतो, आणि न्यायला आलेले पालक आपापल्या मुलांना सांगत होते, "थांब जरा, सरांचं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी हजेरी वाढली. सर पडतात ही बातमी पसरली होती. पण त्याच आठवड्यात, पडायच्या भीतीने खांबाला हात न लावणारा एक मुलगा आपणहून पुढे आला आणि म्हणाला, "तुम्ही पडून परत चढता, मग मी पण बघतो." पंधरा-पंधरा मिनिटांची माझी इतकी भाषणं गेली होती, आणि त्याला पटलं ते माझं धपकन पडणं. तेव्हापासून मी एक नियम केलाय : शिकवणाऱ्याने कुठल्या तरी विषयात कच्चं असावं, आणि ते चारचौघांत असावं.

निवृत्त झाल्यावर त्या दोन वेण्यांचा फोन आला. आता ती एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये साहेब झाली आहे. "सर, आमच्याकडे रेझिलियन्स आणि लाइफलाँग लर्निंगवर सेशन घ्याल का?"

मी विचारलं, "खांब कुठे पुरायचा?"

"सर, एकोणिसावा मजला आहे. फक्त बोलायचंय."

बोलायचे पैसे मिळतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं; घरी तर मी फुकट बोललो तरी कोणी घेत नाही. गेलो. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपले खेळ करून दाखवले, ते सांगितलं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला 2019 उजाडलं, आणि ती झाली कुठे, तर दादरच्या शिवाजी पार्कात. त्याआधी 2013 साली मल्लखांबाला राज्याच्या खेळाचा मान मिळाला, तो मध्य प्रदेशात. "घरच्यांनी दखल घेईपर्यंत जो तग धरतो, त्याच्याकडून चिकाटी शिका," असं मी ठासून सांगितलं. समोर सगळे शिस्तीत मोबाइल बघत होते. एसीमुळे डासही नव्हते.

मग मी शिट्टी काढून वाजवली. माना वर झाल्या. पहिल्या रांगेतल्या मोठ्या साहेबांना विचारलं, "तुम्हाला काय येत नाही?" सभागृह गार. असा प्रश्न त्यांना बहुधा नोकरीच्या मुलाखतीतही कोणी विचारला नसावा. बऱ्याच वेळाने ते पुटपुटले, "शीळ." मी मागच्या रांगेतल्या सगळ्यात ज्युनिअर पोराला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "शिकव यांना."

त्याने ओठांचा चंबू कसा करायचा ते दाखवलं. साहेबांनी केला. तोंडातून नुसता वारा आला. हे कर्मचाऱ्यांना नवीन नव्हतं; या वेळी हसायची मुभा होती एवढंच. पण साहेब चिडले नाहीत, पुन्हा फुंकत राहिले, आणि चहाच्या सुट्टीत बारीकशी शीळ निघाली तेव्हा शिपायापासून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर मला अभिप्रायाचे कागद दाखवले. बहुतेकांनी लिहिलं होतं, 'सेशन उपयुक्त. समोसा गार.'

तेव्हापासून मला आमंत्रणं येऊ लागली आणि मी कोट शिवला. कोटात माणूस फार लवकर पक्का होतो, म्हणून नियमाला जागून मी तबल्याच्या क्लासात नाव घातलं. गुरू चोवीस वर्षांची मुलगी, दिवसा आयटीत, संध्याकाळी तबला. शेजारी बसलेली आठ वर्षांची गुरुभगिनी माझ्या धाधिंधिंधावर उघड उघड कानात बोटं घालते.

परवा मी चौथ्यांदा समेला चुकलो तेव्हा बाई कळवळून म्हणाल्या, "काका, तीनतालाला सोळा मात्रा असतात, तुमच्या सतरा होतायत. पण धीर सोडू नका. आमच्या ऑफिसात या विषयावर एका सरांचं लेक्चर झालं होतं. मी घरून ऐकत होते, कॅमेरा बंद ठेवून, भाजी निवडत. फार छान बोलले. तुम्ही खरं तर त्यांना भेटायला हवं."

"कोण होते ते?" मी सावरून बसत विचारलं.

"नाव नाही आठवत. पण काका, त्यांच्या बोलण्याला काय लय होती!"